ओळंबा

सावद्याच्या बायपासला, केळीच्या वखारीमागे
पत्र्याची एक शेड.
मे महिन्यात दिवसा तिच्यात माणूस टिकत नाही,
पान्याला हात लावला तर चटका.
म्हणून आम्ही रात्रीचे:
मी, उल्हास फिरके, एक टेबलफॅन,
आणि छताच्या अँगलला दोरीनं बांधलेलं
सहा पंखांचं यंत्र.

दहा लिटर औषध घेऊन त्यानं केळीवरून जायचं आहे.
त्याआधी एका जागी उभं राहायला शिकायचं आहे.
शिकवताना माझीच मान अवघडते.

सेकंदाला चारशे वेळा ते स्वतःला विचारतं,
किती कललो, किती कलायला हवं होतं.
मधे जे उरतं
तेवढंच माझं काम.

तीन आकडे आहेत माझ्या हातात.
पहिला आत्ताची चूक बघतो आणि लगेच धावतो.
दुसरा मागच्या चुका मांडून ठेवतो, एकही सोडत नाही.
तिसरा चूक कुठल्या वेगानं येतेय ते ऐकतो
आणि ती पोचायच्या आत पाय रोवतो.
पहिला वाढवला की यंत्र अंगात आल्यासारखं घुमतं.
दुसरा वाढवला की वारा केव्हाच पडलेला,
आणि हे अजून त्याच्याविरुद्ध वाकून उभं
(आमच्या भाऊबंदकीत आहेत असे दोघेतिघे).
तिसरा वाढवला तर मोटारी तापतात.
स्वतःच्याच पंखांची थरथर त्याला वारा वाटते,
आणि ते तिच्याशी भांडत बसतं
टेबलफॅनसुद्धा बंद असताना.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या बांधकामावरचे
सुभान तडवी मिस्तरी पाणी मागायला आले,
आणि दारातच थांबले.
"हे असं कावून डुलते, पोरी?"
म्हटलं, खाली कुठे आहे तेच त्याला कळत नाही.
ते हसले नाहीत.
पिशवीतून ओळंबा काढला, अँगलला टांगला.
मोटारी चालूच होत्या. अँगल थरथरत होता.
पितळी लट्टू आमच्या यंत्राइतकाच गोंधळला.
मग त्यांनी बादली ओढली
आणि लट्टू पाण्यात सोडला.

थांबला.

"वारा असला का आम्ही ह्याले पान्यात सोडतो."
मी विचारलं, आणि पाण्याऐवजी काकवी असली तर?
"मंग खरंच सांगीन तो. पन उशिरानं."

त्या रात्री सर्किटखाली मऊ स्पंज घातला,
सेन्सरपुढे एक गाळणी लिहिली,
आधी काकवीसारखी, मग पातळ करत करत
पहाटे तीनला पाण्यावर आणली.
यंत्र दोरीला लोंबकळायचं विसरलं.
दोरीच सैल पडली.

सुकी नदीच्या कोरड्या पात्रात, साडेपाचला,
टाकीत नुसतं पाणी भरून सोडलं.
वाळूवर त्याची सावली पडायच्या आधी ते वर होतं.
पश्चिमेकडून झुळूक आली; त्यानं खांदा दिला
आणि झुळूक गेल्यावर खांदा काढून घेतला.
एवढंच. उल्हासनं कुणाला तरी फोन लावला.

मग मी मुद्दाम रिमोट बंद केला.
आमचा आवाज तुटला की घरी ये,
असं त्याला सांगून ठेवलं होतं.
आणि घर म्हणजे जिथून उठलास ती जागा,
हेही मीच लिहिलेलं.
ते वळलं. आलं.
ज्या ट्रॉलीवरून उठलं होतं ती मधल्या वेळात
वाळूच्या ट्रॅक्टरला वाट द्यायला
उल्हासनं पन्नास पावलं पुढे नेली होती.
ते चाकोऱ्यांच्या मधोमध, वीतभरही न चुकता,
ट्रॉलीच्या उंचीवर येऊन थांबलं.
पायांखाली काही नव्हतं.
थोडा वेळ तसंच तरंगत राहिलं,
मग हळूहळू वाळूपर्यंत उतरलं.

उल्हास हसून हसून खाली बसला.
मी पंख पुसले, चाकांचे ठसे बघत राहिले.

आता ती ओळ बदलायची आहे.
घर, बरोबर, आणि पुढे कर्सर लुकलुकतो.
बाहेर दिल्लीच्या ट्रकमध्ये घड चढतायत,
हमाल आकडे मोजतायत, एकदा चुकून पुन्हा पहिल्यापासून.
मिस्तरी ओळंबा न्यायला आलेले नाहीत.
तो बादलीतच आहे.
पाणी दिवसा थोडं आटतं,
रात्री मी भरते.